पहिलीतून थेट चौथीत!

मुलांनो, समजा तुम्ही पहिलीत आहात. परीक्षा झाली, निकाल लागला आणि गुरुजींनी सांगितलं, "बाळ, तू दुसरी-तिसरीच्या भानगडीत पडूच नकोस. जूनपासून चौथीत येऊन बस!"

तर काय होईल? पहिल्या दिवशी खूप मजा वाटेल. घरी पेढे वाटले जातील. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर भागाकार दिसला की घाम फुटेल! दुसरी-तिसरीत पाठ व्हायचे पाढे पाठच नाहीत, तर भागाकार होणार कुठून?

तुम्ही म्हणाल, गुरुजी आज असं विचित्र काय बोलताहेत? त्याचं असं झालं. आमच्या केळशीत चौथीतल्या एका मुलाचा मामा मुंबईला गॅरेजमध्ये काम करतो. गणपतीला मामा गावी आला होता. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वर्गात येऊन म्हणाला, "गुरुजी, मामा सांगतो, अमेरिकेत एक गाडी आहे. ती पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाऊच देत नाही. थेट चौथ्यात जाते! आणि लोक ती सोय बंद करून घेतात. खरं का हो?"

सगळा वर्ग हसला. मलाही आधी ती थापच वाटली. पण शोध घेतला, तर गोष्ट शंभर टक्के खरी निघाली. तीच आज तुम्हांला सांगणार आहे. पण त्याआधी आपण एस.टी.त बसू या!

गिअर कशाला हवेत?

दापोलीहून केळशीला येणारी एस.टी. तुम्ही डोळ्यांसमोर आणा. दापोली उंचावर, केळशी समुद्राच्या काठावर. आंजर्ले, आडे, पाडले अशी गावं घेत रस्ता कधी डोंगर चढतो, कधी समुद्राच्या अगदी जवळ उतरतो. ड्रायव्हरकाकांच्या मागच्या बाकावर बसायला मिळालं तर आपल्यासारखे भाग्यवान आपणच! तिथून त्यांचा डावा हात बघा. चढ आला की हात गिअरच्या दांड्यावर जातो, क्लच दाबला जातो, 'खट्' असा आवाज होतो आणि गाडी घुर्र करत हळूहळू, पण जोरात चढू लागते. सपाटी आली की पुन्हा 'खट्', आणि इंजिनचा आवाज खाली येतो.

हे काय चाललेलं असतं? इंजिनचा फिरण्याचा जोर चाकांपर्यंत पोचवायचा असतो. गाडी जागची हलवायला किंवा चढ चढायला जोर जास्त लागतो, वेग कमी चालतो. सपाट रस्त्यावर धावताना वेग हवा असतो, जोर कमी पुरतो. हा जोर आणि वेग यांचा सौदा जमवायचं काम गिअर करतात. ज्यांच्याकडे गिअरची सायकल आहे त्यांना हे पायांनीच कळलेलं असेल. चढावर आपण मागचं मोठं दातेरी चक्र लावतो. पाय भराभर फिरतात, सायकल सावकाश जाते, पण दम लागत नाही.

मोटारीतही तसंच. आपल्या गोष्टीतल्या गाडीचं नाव आहे कॉर्व्हेट. ही अमेरिकेतल्या शेवरोले कंपनीची खेळाची, म्हणजे 'स्पोर्ट्स' गाडी. १९९७ मध्ये तिचं जे नवं रूप निघालं त्यात हाताने बदलायचे सहा गिअर मिळत. त्यातल्या पहिल्या चारांचा हिशेब पाहा. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा एकदा फिरावा म्हणून इंजिनला किती फेरे मारावे लागतात?

पहिल्या गिअरमध्ये २.६६.
दुसऱ्यात १.७८, म्हणजे जवळजवळ पावणेदोन.
तिसऱ्यात १.३०, म्हणजे सव्वाहून थोडे जास्त.
चौथ्यात बरोबर १.

पाहिलंत? या पायऱ्या आहेत. एकेक पायरी चढत गेलं की फेरे कमी होत जातात.

आता एक गणित सोडवा. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरतंय. त्याच वेगात दुसरा गिअर टाकला तर किती फेरे होतील? २००० ला २.६६ ने भागा आणि १.७८ ने गुणा. उत्तर येईल सुमारे १३४०. आणि एकदम चौथा टाकला तर? फक्त भागाकार करा. सुमारे ७५०! म्हणजे गाडी नुसती उभी असताना इंजिन जितकं हळू फिरतं, जवळजवळ तितकंच.

आपल्याकडची जुनी मारुती ८०० आठवते? १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं ती तयार होत होती. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरांचं. तिला एवढ्याशा वेगात चौथ्यात टाकलं तर ती धडधड हादरली असती आणि बंद पडली असती. कॉर्व्हेटचं इंजिन मात्र आठ सिलिंडरांचं, सुमारे ५७०० सीसीचं. म्हणजे सात मारुती एकत्र जुंपल्यासारखं! त्यामुळे ती बंद पडत नाही. पण तिचा सगळा उत्साह मात्र मावळतो. धावायला निघालेल्या घोड्याचा लगाम कुणी एकदम खेचावा तसं होतं.

दांडा आपोआप चौथ्यात

ही युक्ती कॉर्व्हेटमध्ये आली १९८९ साली, सहा गिअरांचा नवा गिअरबॉक्स बसवला तेव्हा. ती अशी चालते.

गिअरच्या मुठीवर आकडे कसे असतात ते आठवा. पहिला पुढे, दुसरा त्याच्या मागे. शेजारी तिसरा पुढे, चौथा त्याच्या मागे. म्हणजे दुसरा आणि चौथा हे दोघे मागच्या ओळीतले शेजारी. गिअरबॉक्सला एक छोटा विद्युतचुंबक बसवलेला असतो. गाडीतल्या संगणकाने हुकूम दिला की तो चुंबक एक खिट्टी पुढे सरकवतो आणि दुसऱ्याची वाट अडवतो. चालक नेहमीप्रमाणे दांडा मागे ओढतो, पण दांडा सरकतो शेजारच्या चौथ्याच्या खाचेत. समोरच्या फळीवर 'एक ते चार' असा दिवाही लागतो.

पण हे दर वेळी घडत नाही बरं का. संगणक तीन गोष्टी तपासतो. इंजिन तापलेलं हवं. वेग ताशी साधारण २५ ते ३० किलोमीटरच्या दरम्यान हवा. आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका हवा. तिन्ही जुळलं तरच खिट्टी सरकते. म्हणजे ही गाडी घाटात आणली तर ती चढावर चौथ्यात अडकेल का? नाही. चढावर पाय जोरात दाबलेला असतो, तेव्हा खिट्टी मध्ये येतच नाही. ती येते ती सावकाश, शांतपणे निघालेल्या चालकाच्या वाटेत. बाजारातून भाजी घेऊन निघालेल्या काकांच्या!

पण हे केलं कशासाठी?

आता खरी गंमत. एवढी महागडी, वेगवान गाडी बनवायची आणि तिला लंगडी घालायला लावायची, हे कुणी आणि का केलं?

उत्तर आहे: परीक्षा!

१९७३ नंतर जगात खनिज तेलाची टंचाई झाली, भाव भडकले. अमेरिकेतल्या गाड्या तेव्हा पेट्रोल ढोसायच्या. म्हणून १९७८ मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला की जी मोटार फार पेट्रोल पिईल तिच्यावर जादा कर बसेल. या कराला तिकडे चक्क 'खादाड गाड्यांचा कर' अशा अर्थाचं नाव आहे! पुढे मर्यादा ठरली ती एका गॅलनला साडेबावीस मैलांची. आपल्या हिशेबाने लिटरला सुमारे साडेनऊ किलोमीटर. त्याहून कमी अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला १९९१ पासून एक हजार डॉलरपासून ते ७७०० डॉलरपर्यंत कर आहे. गाडी जितकी खादाड तितका कर जास्त.

मग गाडी किती पेट्रोल पिते हे ठरवायचं कसं? त्यासाठी प्रयोगशाळेत परीक्षा असते. आपल्या महाराष्ट्रातही अशी प्रयोगशाळा आहे. पुण्यात कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था आहे. १९६६ साली ती स्थापन झाली. तिला सगळे 'एआरएआय' म्हणतात. गाड्यांच्या जाहिरातीत लिटरला इतके किलोमीटर असा आकडा येतो ना, तो अशाच चाचणीतला.

या परीक्षेत गाडी रस्त्यावर जातच नाही. तिची चाकं मोठ्या रुळांवर ठेवतात. चाकं फिरतात, रूळ फिरतात, गाडी जागच्या जागी. समोर मोठा पंखा वारा देतो. चालकापुढे पडद्यावर एक रेघ सरकत असते. किती सेकंदांनी किती वेग हवा, कधी थांबायचं, कधी निघायचं, ते त्या रेघेप्रमाणे करायचं. धुराड्यातून निघालेला वायू पिशव्यांत गोळा करतात आणि तो तपासून किती इंधन जळलं ते काढतात.

आता विचार करा. या परीक्षेत गाडी पुन्हा पुन्हा थांबते आणि पुन्हा सावकाश निघते. अशा वेळी दुसरा-तिसरा गाळून चौथा टाकला तर इंजिनचे फेरे कमी होतात, पेट्रोल वाचतं आणि अ‍ॅव्हरेजचा आकडा वर जातो. पण परीक्षेत असे गिअर गाळायचे, तर गाडी विकत घेणाऱ्यानेही रस्त्यावर तसंच करायला हवं, नाहीतर त्या आकड्याला अर्थ काय? मग कंपनीने चालकाला तसं करायलाच लावणारी खिट्टी बसवून टाकली. कर टळला!

याला कॉपी म्हणायचं का? नाही. जी खिट्टी परीक्षेत होती तीच रस्त्यावरही होती. लपवाछपवी नव्हती. खरी कॉपी कशी असते ते २०१५ मध्ये जगाने पाहिलं. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत अशी आज्ञावली निघाली, की चाचणी चालू आहे हे ओळखून ती धूर कमी सोडायची आणि रस्त्यावर आलं की विषारी वायू बेसुमार सोडायची. जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ती होती! कंपनीची अब्रू गेली आणि प्रचंड दंड भरावा लागला.

कॉर्व्हेटची गोष्ट तशी नाही. पण तिथेही आधी परीक्षा पाहिली गेली आणि मग चालक, एवढं मात्र खरं. आपल्याकडे गाईडमधली उत्तरं पाठ करून मार्क मिळवतात ना, त्यातलाच प्रकार. कॉपी नाही, पण शिकणंही नाही!

लोकांनी काय केलं?

चालक वैतागले. हजारो डॉलर मोजून गाडी घ्यायची आणि दुसरा गिअर टाकायची चोरी! मग त्यांनी उपाय शोधले.

काहींनी त्या विद्युतचुंबकाची वायरच काढून टाकली. पण संगणक लबाड! "माझा चुंबक कुठे गेला?" म्हणून तो समोर बिघाडाचा दिवा लावतो. मग कुणीतरी डोकं चालवलं. वायरच्या टोकाला बसणारा एक बोटाएवढा प्लग तयार केला आणि त्यात विजेला रोध करणारा एक छोटासा तुकडा घातला. नववी-दहावीच्या विज्ञानात तुम्ही 'रोध' शिकता ना, तोच. वायर चुंबकापासून सोडवायची आणि या प्लगमध्ये खोचायची. संगणक वीज पाठवतो, समोर रोध सापडतो, त्याला वाटतं चुंबक जागेवर आहे. तो हुकूम सोडत राहतो, खिट्टी मात्र हलत नाही! असे प्लग तिथल्या बाजारात राजरोस मिळू लागले.

पण काही चालकांनी गाडीला हातही लावला नाही. त्यांनी फक्त त्या तीन अटी समजून घेतल्या. पहिल्या गिअरमध्येच पाय थोडा जोरात दाबायचा किंवा वेग तीसच्या पुढे न्यायचा, मग दुसरा टाकायचा. अट मोडली, खिट्टी आलीच नाही! मला विचाराल तर हेच खरे हुशार. यंत्र कसं चालतं ते ज्याला कळलं त्याला पान्हा हातात घ्यावा लागला नाही.

एकाच पेटीत दोन खिट्ट्या

आता नीट ऐका. १९९७ च्या त्या कॉर्व्हेटच्या गिअरबॉक्सवर असे दोन चुंबक आहेत. एक आपण पाहिला. दुसरा रिव्हर्स गिअरसाठी आहे. गाडी पुढे धावत असताना चुकून रिव्हर्सकडे हात गेला तर हा दुसरा अडसर दांड्याला रोखून धरतो. तो नसता तर दात्यांवर दाते घासले असते, गिअरबॉक्सचा चुराडा झाला असता आणि मागून येणाऱ्याचाही जीव धोक्यात आला असता.

दोन्ही अडसर वरून सारखेच. दोन्ही चालकाचा हात अडवतात. पण एक परीक्षेच्या आकड्यासाठी आहे आणि दुसरा तुमच्या जिवासाठी. "मला कुणी अडवलेलं चालणार नाही" म्हणून जो दोन्ही काढून टाकेल त्याला काय म्हणाल?

म्हणून वर्गात मी त्या मुलाला सांगितलं, "मामाची गोष्ट खरी. पण अडसर दिसला की तो उपटण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. हा कुणी घातला? आणि कशासाठी?"

आपल्या आजूबाजूला असे अडसर पुष्कळ आहेत. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. स्कूलबसला बसवलेलं वेग रोखणारं यंत्र. मोटारसायकलचा सायलेन्सर. तालुक्याच्या गावी मोठी दादा मंडळी सायलेन्सर बदलून फाडफाड आवाज करत फिरताना तुम्ही पाहिली असतील. त्यांना वाटतं, गाडी मोकळी केली! पण तो सायलेन्सर आजारी आजोबांसाठी आणि पाळण्यातल्या बाळासाठी आहे. आपल्याकडे तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून गाडीतलं काही बदलावंसं वाटलं तर आधी माहीतगाराला विचारायचं, नियम पाहायचा.

ड्रायव्हरकाकांचं शहाणपण

शेवटी मी ही गोष्ट आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांना सांगितली. ते पोट धरून हसले. म्हणाले, "गुरुजी, गिअर आम्हीपण गाळतो की! गाडी रिकामी आणि रस्ता सपाट असला तर दुसऱ्यावरच उचलतो. पहिला कशाला हवा? पण रस्ता मला दिसतो, भार मला माहीत आहे, म्हणून ठरवतो मी."

मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "आणि उतारावर तुमची ती अमेरिकन शहाणी गाडी कामाची नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला कुणी उतारावर वरचा गिअर टाकला, नाहीतर गाडी न्यूट्रल केली, तर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की धरत नाहीत. दोन थेंब डिझेल वाचवायला चाळीस माणसं पणाला लावायची नसतात."

त्यांचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे धरून ठेवतं. मोठे झाल्यावर गाडी चालवाल तेव्हा हे वाक्य विसरू नका. आणि पालकांनो, पावसाळ्यात आंबेनळी, कशेडी किंवा कुंभार्ली घाट उतरताना तुम्हीही विसरू नका!

पण आमचा चौथीचा विद्यार्थी एवढ्याने थोडाच गप्प बसणार! त्याने शेवटचा प्रश्न टाकलाच, "म्हणजे गुरुजी, एखादा मुलगा खरंच हुशार असला, तर त्याला पहिलीतून चौथीत बसवायला हरकत नाही ना? ड्रायव्हरकाका पहिला गिअर गाळतात तसं?"

मी म्हटलं, "त्याला पाढे येतात का ते आधी बघू. येत असतील तर विचार करू. पण नुसता शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून कुणी तुला चौथीत बसवत असेल, तर तू खुशाल हात वर करून सांग, गुरुजी, माझी दुसरी राहिली!"

करून पाहा

१. पुढच्या वेळी एस.टी.त बसाल तेव्हा डोळे मिटून फक्त इंजिनचा आवाज ऐका. स्टँडपासून पहिल्या थांब्यापर्यंत ड्रायव्हरकाकांनी किती वेळा गिअर बदलला ते मोजा. चढाला आणि उताराला आवाजात काय फरक पडला ते लिहा.

२. वर दिलेल्या आकड्यांवरून काढा: पहिल्या गिअरमध्ये इंजिनचे मिनिटाला २००० फेरे असताना, त्याच वेगात तिसरा गिअर टाकला तर किती फेरे होतील? (उत्तर हजारापेक्षा थोडं कमी आलं तर शाबास!)

३. घरात आणि शाळेत हात अडवणाऱ्या पाच गोष्टी शोधा. प्रत्येकीपुढे लिहा, ही कुणी घातली आणि कशासाठी? उत्तर सापडलं नाही तर आईबाबांना विचारा. त्यांनाही सांगता आलं नाही, तर मात्र तिघं मिळून शोधा!